क्रमांक सतरा : तक्रार नाही

राजेश्वरी कारखानीस यांनी पस्तीस वर्षांत केलेल्या तक्रारींपैकी एकही कधी मंजूर झाली नव्हती. रस्त्यावरच्या बंद दिव्याविषयी त्यांनी लिहिले, सोसायटीच्या टाकीत सापडलेल्या कबुतराविषयी लिहिले, ज्या शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवीत तिचा मराठी विभाग एका मे महिन्यात गुपचूप बंद करण्यात आला त्याविषयी तर सात वेळा लिहिले. दर वेळी पोच मिळाली, पोचेवर शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. बडोद्यातल्या कचेऱ्यांचे कान विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या कानांसारखे असतात. ते असतात म्हणे, पण आजवर कोणी पाहिलेले नाहीत.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी महापालिका कचेरीचे पाकीट आले, तेव्हा बाईंनी प्रथम पत्ता आपलाच आहे ना हे तपासले. पत्र गुजरातीत होते आणि आशय स्वच्छ होता. अर्जदार बाईंची तक्रार रास्त आहे. अकोट्यातील पागनीस मैदानात टांगलेल्या एकेचाळीस झोपाळ्यांच्या आवाजाने रहिवाशांस उपद्रव होतो. सबब सदर झोपाळे पंधरा दिवसांत उतरवून घ्यावेत.

बाईंनी पत्र उभ्यानेच तीनदा वाचले आणि त्या गॅलरीत आल्या. तिसऱ्या मजल्यावरून समोरचे मैदान तळहातासारखे दिसे. पत्र्याच्या लांब छपराखाली सागवानी खांब, खांबांवर रंगवलेले क्रमांक, आणि पितळी कड्यांवर लोंबणारे झोपाळे. ते ज्याने टांगले तो श्रीपतराव पागनीस नावाचा माणूस बावीस दिवसांपूर्वी वारला होता. त्याने करून ठेवलेली व्यवस्था सगळ्या अकोट्याला ठाऊक होती. एकेचाळीस झोपाळे टांगलेले आहेत तोवर मैदान विश्वस्त संस्थेचे. झोपाळे उतरले की जमीन पुतण्याची, म्हणजेच आज ना उद्या बिल्डरची.

आणि त्या एकेचाळिसांतला सतरा क्रमांकाचा झोपाळा बाईंच्या वडिलांचा होता.

आयुष्यातला पहिला विजय हातात धरून राजेश्वरीबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. त्याचे काय करायचे असते हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

श्रीपतराव पागनीस यांची गोष्ट अशी. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेवर अधिकारी होते. घोडे गेले, संस्थान गेले, पण घोड्यांच्या चाऱ्यासाठी मिळालेली नदीपलीकडची जमीन राहिली. पुढे पूल झाला, शहर नदी ओलांडून अकोट्यात आले आणि ज्या गवताला कोणी विचारत नव्हते त्या गवताखालची माती सोन्याच्या भावाने जाऊ लागली. वाटणीत ती सगळी एकट्या श्रीपतरावांकडे आली. यंत्रशास्त्राची पदवी त्यांनी घेतली आणि एक दिवसही नोकरी केली नाही. लग्न केले नाही. मोटार घेतली नाही. आवारात माणसे येऊन बसावीत म्हणून रस्त्याकडची कुंपणभिंत त्यांनी स्वतः कुदळ घेऊन पाडली आणि त्या विटांचे ओटे बांधले. अशा माणसाला आपल्याकडे आधी वेडा म्हणतात आणि जमिनीचा भाव ऐकला की विक्षिप्त म्हणतात.

पागनिसांच्या बंगल्यात आजोबांचा एक अवाढव्य झोपाळा होता. त्यावर आजोबा एकटेच बसत. बाकीचे, म्हणजे मुलगे, सुना, कारकून, अर्ज घेऊन आलेली माणसे, समोर उभी राहत. सहा वर्षांचा श्रीपत एकदा मुकाट्याने जाऊन आजोबांच्या शेजारी बसला. आजोबांनी झोपाळा थांबवला, पायानेच, आणि तो उतरेपर्यंत पुन्हा हलवला नाही. एवढेच घडले. कोणी रागावले नाही, कोणी मारले नाही. पण साठ वर्षांनी त्या मुलाने मैदानाच्या दर्शनी खांबावर स्वतःच्या हाताने जी पाटी रंगवली, तिच्यावर मराठीत आणि गुजरातीत एकच नियम होता : ‘झोपाळ्यावर एकट्याने बसू नये. एकटा बसलेला दिसल्यास शेजारी बसावे.’

झोपाळे जमवण्याची त्यांची रीत आणखी चमत्कारिक होती. शहरातली जुनी घरे पडू लागली तो काळ. कोठे रावपुऱ्यात, कोठे दांडिया बाजारात तीन पिढ्यांचे घर विकले जाई, जागेवर इमारत उभी राही आणि घरातली माणसे शहराच्या कडेला समाला नाहीतर आणखी लांबच्या भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जात. त्या फ्लॅटांच्या नकाशांत देवघराला कोनाडा असे, चपलांना कपाट असे, झोपाळ्याला जागा नसे. मग ज्या झोपाळ्यावर मुलींची लग्ने ठरली, बाळांना झोप लागली, म्हाताऱ्यांनी शेवटचा चहा घेतला, तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढे.

घर पाडायला सुरुवात होणार असेल त्या सकाळी श्रीपतराव काळा कोट आणि टोपी घालून सायकलवरून येत. उंबऱ्याबाहेर वहाणा काढत. कोणी गेले असता समाचाराला जावे तसे आत येऊन जमिनीवर बसत आणि पाच मिनिटे काही बोलत नसत. मग हळूच विचारीत, “झोपाळ्याचं काय ठरलं?”

बहुतेक ठिकाणी काहीच ठरलेले नसे. दुपारी नंदू मिस्त्री टेम्पो घेऊन येई. सागवानी पाट, चार कड्या, वरचे दोन आकडे, सगळे उतरवून मैदानात नेई आणि नव्या खांबाला टांगून त्यावर क्रमांक टाकी. ज्या घरचा झोपाळा, त्या घरच्या माणसांना त्यावर बसण्याचा हक्क कायमचा. इतरांनीही बसावे, पण घरचे आले की सरकून जागा द्यावी. दाखला नाही, वर्गणी नाही. झोपाळ्याला हिंचको म्हणणारे गुजराती शेजारी त्या जागेला हिंचकावाडी म्हणू लागले.

कारखानिसांचे घर बारा-तेरा वर्षांपूर्वी असेच दांडिया बाजारात पडले. वडील गोविंदराव जाऊन वर्ष झाले होते. राजेश्वरीबाईंनी कागदांवर सह्या केल्या, कारण भाऊ आनंद म्हणाला की दुसरा मार्ग नाही. घर पाडायच्या दिवशी त्यांच्या शाळेत परीक्षा होती. संध्याकाळी त्या गेल्या तेव्हा माजघराच्या तुळईला दोन मोकळी भोके होती.

“दिला पागनिसांना,” आनंद म्हणाला. “फुकट न्यायला तयार होते. तुझ्या फ्लॅटमध्ये मावला असता का?”

“मला विचारलंस का?”

“विचारून काय झालं असतं, अक्का? तू तक्रार केली असतीस.”

त्या वाक्यानंतर बहीण-भावाचे बोलणे सणावारी फोनपुरते उरले. आणि पंधरवड्याने बाई गॅलरीत कपडे वाळत घालीत असताना समोरच्या मैदानातून एक करकर ऐकू आली. झोपाळा पुढे जाताना गप्प, मागे येताना डाव्या आकड्यातून एक लांब, कण्हल्यासारखी करकर. गोविंदराव विद्यापीठाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्याच झोपाळ्यावर बसून ते मुलीला अर्ज लिहायला शिकवीत. एक वाक्य सांगत, झोपाळा मागे येई, आकडा करकरे, तेवढा वेळ ते थांबत आणि मग पुढचे वाक्य. बाईंच्या लेखनात आजही प्रत्येक पूर्णविरामानंतर तेवढी उसंत असते.

त्या दिवशी हातातला ओला टॉवेल तसाच ठेवून बाई टेबलाशी बसल्या आणि श्रीपतराव पागनिसांना त्यांनी पहिले तक्रारपत्र लिहिले. सतरा क्रमांकाविषयी त्यात अक्षर नव्हते. ‘महोदय, आपल्या मैदानातील झोपाळा क्रमांक नऊ याची उजवी कडी सायंकाळी सहानंतर असह्य आवाज करते.’

रागाला पत्ता लागतो. भावाचा पत्ता लिहिण्याजोगा नव्हता, शाळेचा उपयोगाचा नव्हता, म्हणून तो राग समोरच्या मैदानावर टपालाने जाऊ लागला. बहुतेक महिन्यांत एक पत्र. त्याची प्रत कचेरीला. बाईंनी मैदानात पाऊल कधी ठेवले नाही.

श्रीपतराव रस्त्यात भेटत. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात शिवणयंत्राच्या तेलाची कुपी असे, डाव्यात बडोद्याच्या ओलसर लिल्या चिवड्याची पुडी.

“राजेश्वरीबाई, आपलं पत्र मिळालं. बावीस क्रमांकाबद्दल आपलं म्हणणं अगदी रास्त आहे.”

“रास्त असेल तर काहीतरी करा.”

“केलं. कालच केलं. आपण या ना पाहायला.”

“मी आवाज ऐकते तेवढा पुरे आहे.”

“चिवडा घ्या.”

“नको.”

ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला त्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस कमरेभर पाण्यात उभा राहून नंदूबरोबर एकेक झोपाळा वर ओढून बांधीत होता. पाणी ओसरले तेव्हा तेवीस क्रमांकाखाली चिखलात सात फुटांची मगर पसरलेली होती. वनखात्याची माणसे येईपर्यंत श्रीपतराव वीस पावलांवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. कोणीतरी ओरडले, तेव्हा म्हणाले, “पाहुणी एकटी आहे. शेजारी नाही बसता येत, निदान समोर तरी बसतो.” बाईंनी त्याचीही तक्रार केली. ‘सार्वजनिक वापराच्या जागेत मगर’ हा त्या पत्राचा विषय होता.

जानेवारीत एका सकाळी ओसरीवर चहा पिताना श्रीपतराव गेले. कप बशीत नीट ठेवलेला होता.

मंजुरीच्या पत्रानंतर चौथ्या दिवशी बाईंच्या दाराची बेल वाजली. बाहेर पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण उभा होता. हातात पेढ्यांचा खोका.

“मी कुणाल पागनीस. श्रीपतकाकांचा पुतण्या. पुण्याहून आलोय. तुमचे आभार मानायला.”

“कशाबद्दल?”

“काकू, खरं सांगतो, तुमच्यामुळे झालं हे. बाकी कोणाची हिंमत नव्हती. काकांबद्दल वाईट बोलायचं नाही मला, पण एवढी जमीन, आणि त्यावर काय? झोपाळे!” तो मोकळेपणाने हसला. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या फोनवर चौदा मजली इमारतीचे रंगीत चित्र होते. “आणि काकांची आठवण ठेवणार आहे मी. क्लब हाउससमोर दोन झोपाळे ठेवू. फायबरचे. त्यांचा आवाजच येत नाही.”

“आणि हे एकेचाळीस?”

“पितळेला भाव चांगला आहे सध्या,” कुणाल म्हणाला, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवून निघून गेला.

खोका तसाच राहिला. रात्रीच्या जेवणाचे बाईंच्या लक्षात आले नाही. आपल्या तक्रारीने शाळेची एक खिडकीही कधी उघडली नव्हती, आणि जी एक तक्रार ऐकली गेली ती वडिलांचा झोपाळा भंगारात घालणार होती. ही तक्रार कोणाकडे करायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदू मिस्त्री आला. नंदेसरीच्या एका कारखान्यात वीस वर्षे फिटर आणि नंतरची वीस वर्षे श्रीपतरावांच्या झोपाळ्यांचा सबकुछ, असा हा गडी. त्याच्या बगलेत कापडात बांधलेले जाडजूड बाड होते.

“ताई, हे तुमचं. काकासाहेबांनी सांगून ठेवलेलं, मी गेलो की ताईंची कागदं ताईंना पोचव म्हणून. उशीर झाला, माफ करा. दिवसपाणी चाललेलं.”

“माझी कसली कागदं?”

“तुमच्या फरियादी. सगळ्या हायेत. एकसो ने छव्वीस.”

आत बाईंची पत्रे तारीखवार टाचलेली होती. प्रत्येक पत्राखाली हिरव्या शाईने शेरा. ‘क्र. ९, उजवी कडी. तक्रार रास्त. कडी झिजली होती, बदलली.’ ‘क्र. २२, पाटाची खीळ. तक्रार रास्त. खीळ वर आली होती, मुलाच्या पायाला लागली असती. बाईंचे उपकार.’ ‘क्र. ३४, खांब हलतो. तक्रार अतिरास्त. खांबाच्या बुडाला वाळवी. आज कळले नसते तर अनर्थ होता.’ मगरीच्या पत्राखाली होते, ‘तक्रार रास्त. मगर गेली.’

“तुमचं पत्र आलं की काकासाहेब म्हणायचे, नंदू, चल, तपासणी आली,” नंदू म्हणाला. “आम्ही रोज बघायचो, पण आम्हाला काय ऐकू यायचं? कायम त्यातच. लांबून ऐकणारं माणूस पाहिजे. तेरा वर्षांत एक माणूस पडला नाही झोपाळ्यावरून. ते तुमच्यामुळं.”

बाडाच्या तळाशी एक वही होती. त्यात एकेचाळीस पाने, प्रत्येक झोपाळ्याला एक. कोणत्या तारखेला कोणती तक्रार, कधी तेल, कधी ग्रीस, कधी नवा आकडा. पाने शाईने काळवंडलेली होती. सतरावे पान मात्र जवळजवळ कोरे होते. वर लिहिलेले, ‘कारखानीस, दांडिया बाजार.’ आणि खाली एकच ओळ :

‘डावा आकडा मागे येताना मोठ्याने करकरतो. बाईंची तक्रार नाही. सबब तेल नाही.’

त्याखाली दर वर्षीची तारीख आणि तेच शब्द. तक्रार नाही, सबब तेल नाही. तेरा वेळा.

“मी दोनदा कुपी घेऊन चढलो होतो,” नंदू हळूच म्हणाला. “फार ओरडायचा तो. काकासाहेबांनी शिडी धरली माझी. म्हणाले, उतर खाली. चाळीस झोपाळ्यांची तक्रार करणारी बाई ज्याची करत नाही, तो तिला तसाच हवा असेल.”

बाईंनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा बराच वेळ पुसला गेला. मग त्यांनी विचारले, “उतरवायची मुदत किती तारखेची आहे?”

“पुढच्या गुरुवारची.”

“पेढे खा,” बाई म्हणाल्या. “मला जरा लिहायचं आहे.”

कचेरीतले किरीटभाई बाईंना पंधरा वर्षे ओळखत होते. त्या जिन्यावर दिसल्या की ते चहाला उठत. आज उठले नाहीत, उलट दोन्ही हात जोडून हसले.

“आवो, आवो बेन! तमे तो जीती गयां! आता परत शुं थयुं?”

“मला तक्रार मागे घ्यायची आहे.”

किरीटभाईंचे हसू जागच्या जागी राहिले, पण त्यातला जीव गेला. “पाछी? बेन, फॉर्मच नाही तेचं. तीस वर्षांत कोणी मागितला नाही. हुकूम साहेबांच्या सहीनं निघाला, आता तमे नाही म्हटलं तरी तो चालणार.”

“ठीक आहे. मग ही नवी घ्या.” बाईंनी तीन पानी अर्ज पुढे सरकवला. “एकेचाळीस कुटुंबांना या झोपाळ्यांवर बसण्याचा हक्क आहे. हुकूम देण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाचंही म्हणणं ऐकलेलं नाही. जागेची पाहणी झालेली नाही. आवाज मोजलेला नाही. म्हणून हुकुमाविरुद्ध ही तक्रार.”

किरीटभाईंनी पहिले पान वाचले, सही पाहिली, मग वर पाहिले. “पण बेन, हुकूम तुमच्याच अर्जावर निघाला ना? अने आ विरोध पण तुमचा?”

“अर्जदार मी, आणि बाधित व्यक्तीही मीच. दोघी हजर आहेत. सुनावणी ठेवा.”

“माथुं दुखाडी दीधुं तमे तो,” किरीटभाई कपाळ चोळत पुटपुटले. पण अर्जात पकडायला फट नव्हती. हेडक्लार्क गोविंदरावांच्या झोपाळ्यावर घोटलेली वाक्ये होती ती. बुधवारी सकाळी दहाला जागेवर पाहणी ठरली, मुदत संपण्याच्या एक दिवस आधी.

राहिले चार दिवस. वहीत बाकीच्या चाळीस घरांची नावे होती, पण निम्मे पत्ते पडलेल्या घरांचे. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा, ज्यांच्याविरुद्ध काही म्हणणे नाही अशा माणसांना फोन केले. कोणी म्हणाले, वेळ नाही. कोणी म्हणाले, आमचा झोपाळा अजून आहे? खरंच? एका बाईने फोनवर नुसते रडून घेतले आणि येते की नाही ते सांगितलेच नाही. समामध्ये राहणाऱ्या आनंदला फोन लावायला बाईंना दोन दिवस लागले.

“बुधवारी दहाला ये,” त्या म्हणाल्या.

“कशाला? काही तक्रार आहे का?”

“ये म्हटलं ना.”

बुधवारी सकाळी राजेश्वरीबाई रस्ता ओलांडून पागनीस मैदानात गेल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा. अंतर चाळीस पावलांचे होते. ओट्यांच्या विटा त्यांनी वरून पाहिल्या होत्या, त्यांच्यावर मुलांनी कोरलेली नावे वरून दिसत नव्हती. सतरा क्रमांकाशी त्या थांबल्या. पाटाच्या उजव्या कडेला वडिलांच्या अडकित्त्याने पडलेली खाच तशीच होती. त्या बसल्या. पाय टेकवून हलकासा झोका दिला. पुढे जाताना काही नाही. मागे येताना, करकर.

दहापर्यंत सव्वीस घरांची माणसे आली. चाळिसांतून सव्वीस. बडोद्यात बुधवारी सकाळी सव्वीस म्हणजे फार झाले. म्हाताऱ्या आल्या, त्यांना आणणाऱ्या नाती आल्या, एक गृहस्थ ऑफिसची बॅग खांद्याला तशीच ठेवून आले. प्रत्येकाने आपापला क्रमांक शोधला, पाटावरून हात फिरवला आणि बसला. ज्यांचे कोणी आले नव्हते त्या झोपाळ्यांवर शेजारपाजारचे बसले. आनंद आला आणि जरा दूर खांबाला टेकून उभा राहिला. कुणालही आला होता. नंदूने त्याला हाताला धरून एक क्रमांकापाशी नेले.

“भाऊ, हा तुमच्या पणजोबांचा. यावर ते एकटेच बसायचे. बसा.”

कुणाल अवघडून बसला. लगेच एक सत्तरीच्या बाई त्याच्या शेजारी येऊन टेकल्या आणि त्यांनी चौकशीला सुरुवात केली. कोणाचा तू? लग्न झालं? पुण्यात कुठं?

किरीटभाई आवाज मोजायचे यंत्र घेऊन आले. त्यांच्याबरोबर साहेबही होते. दोघे छपराखालून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेले. चाळीस झोपाळे एकाच वेळी हलत होते आणि माणसांच्या बोलण्याखेरीज काही ऐकू येत नव्हते. तेरा वर्षे दर महिन्याला तेल पडलेल्या कड्या त्या. किरीटभाईंनी यंत्र कानाजवळ नेऊन पाहिले.

“अवाज क्यां छे?” साहेबांनी इकडेतिकडे शोधत विचारले.

तेवढ्यात सतरा क्रमांकावर बाई मागे आल्या. करकर.

साहेब तिथे येऊन उभे राहिले. बाई एकट्या बसल्या होत्या. नंदू पुढे झाला.

“साहेब, एकट्या माणसाशेजारी बसायचं, असा इथला कायदा हाय. पाटीवर लिव्हलंय.”

साहेब पन्नाशीचे होते, थकलेले होते, आणि त्यांच्याही गावच्या घरात कधीकाळी हिंचका असावा. पाटी वाचून ते बाईंच्या शेजारी बसले. किरीटभाईंनी खिशातून पेन काढले. झोपाळा पुढे गेला, मागे आला. करकर.

“आ ज? हाच तो आवाज, ज्याचा उपद्रव होतो?” साहेबांनी विचारले.

बाईंनी या प्रश्नाचे उत्तर पस्तीस वर्षे निरनिराळ्या कागदांवर दिले होते, आणि ते उत्तर नेहमी ‘होय’ असे होते. त्यांनी वर डाव्या आकड्याकडे पाहिले. झोपाळा मागे येईपर्यंत त्या थांबल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “याबद्दल तक्रार नाही.”

“लेखी द्याल?”

“द्या कागद.”

मांडीवर वही ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, तारीख टाकली. किरीटभाईंनी ती सही डोळे भरून पाहिली. एवढ्या वर्षांत या बाईंच्या सहीवर अशी ओळ त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

साहेब उठले. ते उठताच त्यांच्या जागी आनंद येऊन बसला. त्याने पाय टेकवून एक झोका दिला. मग आनंद वर पाहत म्हणाला, “अजून करकरतोय हा. यांनी तेल नाही घातलं कधी?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “सांगते तुला त्याचं.”

हुकूम आठवड्याभरात रद्द झाला. कुणाल पुण्याला परतला. जाताना त्याने नंदूला विचारले की एक क्रमांकाच्या पाटाला पॉलिश कोण करून देईल. जमिनीचा विचार त्याने सोडला आहे असे बाईंना वाटत नाही, आणि त्या गाफील राहणाऱ्यांतल्या नव्हेत. विश्वस्त संस्थेने बाईंना विश्वस्त होण्याची विनंती केली, ती त्यांनी लेखी नाकारली. मी विश्वस्त झाले तर तक्रार कोणाकडे करू, असे त्यांनी कारण दिले.

त्या आता संध्याकाळी सहाला मैदानात जातात. पत्रे लिहिणे चालूच आहे. मार्चमध्ये एकशे अठ्ठाविसावे गेले : ‘क्रमांक एकतीस, डाव्या कडीचा आवाज. शिवाय दर्शनी पाटीवरील गुजराती मजकुराचा रंग उडाला आहे.’ नंदूला हिरवी शाई मिळाली नाही, म्हणून त्याने निळ्या बॉलपेनाने, मोठ्या वाकड्या अक्षरांत शेरा मारला : ‘तकरार रास्त. तेल दिलं. रंग सोमवारी.’ आणि सोमवारी बाईंनी गॅलरीतून पाहिले, तर तो खरोखरच शिडीवर चढून पाटी रंगवीत होता, आणि खाली शिडी धरून आनंद उभा होता.